धुतलेली पानं

ड्युसेलडॉर्फ, ९ मार्च

चि. गौरांग,

चि. लिहिलेलं तुला आवडत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं. चाळिशीला टेकलास तरी माझा धाकटा भाऊच राहणार आहेस.

तू मला व्हॉट्सअॅपवर ब्लॉक केलंस, फोन उचलत नाहीस. सीमाला विचारलं तर ती बिचारी म्हणते, "ताई, तुमच्या दोघांत मला नका ना ओढू." मग राहिलं पोस्ट. या देशात पेटीत पाकीट पडलं की माणूस निमूटपणे उघडतो, न जाणो फिनान्सआम्टचं, टॅक्सवाल्यांचं, निघायचं. मी तर खिडकीचं, सरकारी दिसणारं पाकीट आणलंय. शिव्या नंतर दे, आधी वाच.

जानेवारीत मी तुला एकच प्रश्न विचारला होता. "तुमच्या अंगणातल्या कुंडीला कुणी हात लावला होता का?" त्यावर तू म्हणालास, "म्हणजे मी लावला का, असंच ना? तुझा पासपोर्ट लाल आहे ताई, जर्मन. माझा निळा. असले प्रश्न तुला परवडतात." आणि फोन ठेवलास. मी तो कानाला लावून तशीच बसले होते. माझ्या नवरोबाने, येन्सने, विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, नेटवर्क गेलं.

तुला माझं काम ठाऊक आहे, पण एकदा माझ्या बाजूने बघ. बंदरामागच्या तुमच्या वसाहतीत आम्ही ऑगस्ट ते नोव्हेंबर पाच कुंड्या ठेवल्या. प्रत्येकीत ग्रूनकोल, आई जिला 'केस कुरळे केलेली कोबी' म्हणते ती. तुमच्या कंपनीत जुन्या गाड्या आणि भंगार फाडलं जातं, त्याची धूळ भिंतीपलीकडे पानांवर बसते. आम्ही पानं न धुता वाळवतो, दळतो आणि त्यात शिसं किती ते बघतो. भिंतीपासून लांब जावं तसं ते कमी व्हायला हवं. चार कुंड्यांत अगदी तसंच झालं. पाचवी तुमची, भिंतीला सगळ्यात जवळची, आणि तीच सगळ्यात स्वच्छ निघाली. आता त्या अंगणाचा मालक त्याच कंपनीत इंजिनिअर आहे म्हटल्यावर, तो माझा भाऊ नसता तरी मी विचारलंच असतं. नातं मी माझ्या बॉसना, फ्राऊ लिंडनरना, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणून तर तुमच्याकडे पाणी भरायला माझ्या ऑफिसातला टॉर्स्टेन यायचा, मी कधी फिरकले नाही.

माझी इथली पहिली बॉस, म्हातारी फ्राऊ डॉक्टर ओव्हरकाम्प, नव्या माणसाला आधी एक गोष्ट ऐकवायची. कोळसा-पोलादाच्या ऱ्हूर भागातलं हवा मोजायचं पहिलं उपकरण म्हणजे दोरीवर वाळत घातलेली चादर. धुरांड्यांच्या बाजूने वारा आला की बायका पळत जाऊन कपडे काढायच्या, तोवर चादर काळी झालेली असायची. तक्रार घेऊन गेल्या की कारखान्यातले साहेब म्हणायचे, बाई, तुम्ही नीट धुतलं नसेल. मग काचेची बरणी आली. खांबावर उघडी बरणी महिनाभर ठेवायची, आत जे पडेल ते वाळवून तोलायचं. बरणीला कुणी म्हणू शकत नव्हतं की तुला धुता येत नाही. पुढे झाडांच्या सालीवरचं दगडफूल मोजायला लागले, कारण घाणेरड्या हवेत ते आधी मरतं. ऱ्हाइनचं पाणी नळीतून आणून त्यात पाणपिसवा सोडल्या, त्या नीट पोहतात का ते बघायला. मग गवताच्या कुंड्या, मग ग्रूनकोल. आता अर्ध्या अर्ध्या तासाला आकडा देणारी महागडी यंत्रं आहेत, तरी आम्ही कुंड्या ठेवतोच. आकडा कुणी खात नाही, ग्रूनकोल खातात.

आणि खायलाच लागलेत. तुमच्याकडच्या लोकांना दोन वर्षं परसातली पालेभाजी खाऊ नका म्हणून सांगितलं होतं. ते फेब्रुवारीत शहराने मागे घेतलं, आमच्या अहवालावरून. तुमच्या कुंडीचा आकडा नसता तर घेतलं नसतं.

असो. तू नाही म्हणालास म्हणजे नाही. मी मानलं. कधीकधी एखादी कुंडी वेडी निघते, वारा वळतो, काहीही होतं. मला आता ईप्सिताच्या वाढदिवसाला बोलाव. सहा वर्षांची होणार आणि आत्याचा पत्ता नाही, हे बरं दिसत नाही.

तुझी
ताई

ड्युसेलडॉर्फ, १६ मार्च

गौरांग, अरे गौरांग,

चोर सापडला! आपली आई!

काल कोल्हापूरला फोन केला. गुडघे, रक्तदाब, शेजारच्यांचं बांधकाम सगळं झालं. मग तीच म्हणाली, "ती तुमची झाडं कशी आहेत गं? आता कोण बघतं त्यांना?"

मी म्हटलं, "कुठली झाडं?"

"ती गौरांगच्या दारातली. कुरळी. काळी मिट्ट व्हायची बघ. आपल्या उद्यमनगरात फौंड्रीच्या धुळीनं तुळस व्हायची तशी. मी आपली रोज सकाळी आंघोळ झाली की तांब्याभर पाणी वरनं घालायची आणि बोटांनी एकेक पान चोळायची. मेली कुरळी इतकी की घाण आत अडकून बसते."

"आई! पानांवर पाणी घालायचंच नव्हतं!"

"मग कुठं घालायचं? मुळाशी तर तुम्ही वाती सोडल्या होत्या. मला वाटलं, जर्मन लोक झाडाला खालनं दिवा लावतात की काय."

कुंडीखालच्या टाकीतून पाणी वर चढवणाऱ्या वाती त्या! मी विचारलं, टॉर्स्टेनने काही सांगितलं नाही? "तो दाढीवाला होय? बोलायचा की खूप. मला काय कळणार? मी त्याला चिवडा द्यायची." टॉर्स्टेनला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, हो हो, चिवडा मस्त होता. तो यायचा तेव्हा पानं वाळलेली असणार, त्याला तरी काय दिसणार?

गौरांग, फोन ठेवल्यावर मी एकटीच इतकी हसले की येन्स बघायला आला. मग रडू आलं. दोन महिने मी मनातल्या मनात तुला काय काय करताना बघितलं होतं, ते तुला सांगणार नाही. हातात पाइप घेतलेलासुद्धा बघितला. माझ्या भावाला! माफ कर मला. तू म्हणालास तेही बरोबर होतं, माझा पासपोर्ट लाल आहे, मला सुचतात असले विचार.

आपल्या घरात वाढलेल्या कुणालाही हे सुचायला हवं होतं. उद्यमनगरात आपण कधी न धुतलेलं पान बघितलं होतं? सकाळी उठलं की गॅलरी पुसायची, तुळस धुवायची, मग चहा. आई तीन महिन्यांच्या व्हिसावर आली तरी ती सवय काय कोल्हापूरला ठेवून येणार होती? मी परसातल्या कुंड्या कुठे ठेवायच्या, मांजरं कशी आवरायची, कुणी शेजारी सिगारेट ओढतो का, सगळं विचारलं होतं, आणि घरात सासू किंवा आई राहायला आली आहे का हे विचारलं नाही. पुढच्या वेळी फॉर्ममध्ये घालणार आहे.

आई मात्र घाबरलीय. "मी गुन्हा केला का गं? पुढच्या वेळी मला येऊ देणार नाहीत?" तिला समजावलं. तू पण एकदा समजाव, तुझं ती जास्त ऐकते.

आता नको असलेला भाग. हे मला ऑफिसात सांगावं लागेल. तो आकडा रद्द होईल, ऑगस्टमध्ये पुन्हा कुंडी ठेवावी लागेल, आणि या वेळी तो वर जाणार हे तुलाही कळतं. मग तुमच्या कंपनीला त्या फाडणाऱ्या यंत्रावर छप्पर घालावं लागेल, नाहीतर ते काही काळ बंद ठेवावं लागेल. तुझं कंत्राट शरदात संपतंय, ब्लू कार्ड, म्हणजे इथे राहायचा परवानाच, त्याच्यावर टांगलेलं आहे, हे मी विसरलेले नाही. पण धूळ लोकांच्या पोटात जातेय. आई विचारत होती, धुतलं की जातं ना? वरवरचं जातं. रोज चोळून धुतलेलं पान आणि तीन महिने धूळ खाल्ल्यावर एकदा नळाखाली धरलेलं पान, यांत फरक आहे.

फ्राऊ लिंडनर ३० तारखेपर्यंत सुट्टीवर आहेत. टॉर्स्टेनला उद्या सांगता येईल, पण सांगणार नाही. आधी तुझ्याशी समोरासमोर बोलायचंय. शनिवारी येते. चहा ठेव, दार लावून घेऊ नकोस.

तुझी मूर्ख
ताई

ड्युसेलडॉर्फ, २३ मार्च

गौरांग,

काल मी आले तेव्हा तू घरी नव्हतास. मी येणार हे तुला माहीत होतं. सीमा म्हणाली, कंपनीत काहीतरी अर्जंट आलं. ती चहा ओतताना माझ्याकडे बघत नव्हती. मला वाटलं, अजून राग आहे.

मी अंगणात गेले, ईप्सिता दाखवायला घेऊन गेली. तुमच्या फाटकापाशी शेजारच्या फ्राऊ विएचोरेक भेटल्या. त्यांनी मला ओळखलं, आणि माझा हातच धरला. म्हणाल्या, "अहो, तुमच्या मोजणीमुळे दोन वर्षांनी स्वतःच्या मातीतलं खातेय. नवरा गेल्यापासून बाग तेवढीच आहे मला." आत जाऊन गोठवलेल्या ग्रूनकोलची भलीमोठी पिशवी घेऊन आल्या, माझ्यासाठी. त्यांची नातवंडं दर रविवारी जेवायला येतात, त्यांनाही तीच घालतात. मी ती पिशवी हातात घेतली, आणि आईची चूक सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात ईप्सिता वाफ्यातल्या पालकाकडे पळाली. मी म्हटलं, "तोड गं थोडा, आजीला फोटो पाठवू."

ती म्हणाली, "नाइन, आत्या! देन निश्ट!" तो नको म्हणे, आणि मला ओढत घराच्या पलीकडच्या बाजूला घेऊन गेली. तिथे नवीन लाकडी होखबेट आहे, पेटीतला वाफा, कमरेइतका उंच, वर प्लास्टिकचं झाकण. बाजूला दुकानातून विकत आणलेल्या मातीच्या रिकाम्या पिशव्यांची चळत. खालचा पालक गोगलगायींसाठी आहे, आपल्याला फक्त पेटीतला, पापाने सांगितलंय, असं तिने मला जर्मनमध्ये नीट समजावून सांगितलं. मी मराठीत विचारलं, "कधी सांगितलं गं पापाने?" म्हणाली, "आल्स ओमा नोख दा वार." म्हणजे आई इथे होती तेव्हा.

अहवालाच्या कितीतरी आधी, गौरांग. कुंड्यांचा एकही आकडा आला नव्हता तेव्हा.

मी तिथूनच आईला फोन लावला. विचारलं, पानं धुताना तुला गौरांगने बघितलं होतं का? ती म्हणाली, "बघितलं म्हणजे काय, त्यालाच विचारलं होतं की. कॉफी घेऊन खिडकीत उभा असायचा कामाला जायच्या आधी. म्हटलं, धुऊ ना रे? म्हणाला, धू आई, छान दिसतात."

धू आई, छान दिसतात.

काल घरी आल्यावर मी तुझं जानेवारीतलं बोलणं पुन्हा पुन्हा आठवून बघितलं. तू 'नाही' म्हणालाच नव्हतास. ते मी माझ्या पदरचं घातलं होतं, आणि गेल्या पत्रात वर माफीही मागितली. वाचताना तुला काय वाटलं असेल? हसू आलं असेल की घाम फुटला असेल, मला खरंच जाणून घ्यायचंय.

मला तुझी भीती कळते. अगदी आतून कळते. मी आले तेव्हा दर दोन वर्षांनी आउसलेंडरबेहोर्डेच्या, परदेशी लोकांच्या कचेरीच्या, रांगेत पहाटेपासून उभी राहिले आहे. नोकरी गेली तर तीन महिन्यांत सगळं उचलून निघावं लागेल, ईप्सिता जेमतेम शाळेत जायला लागणार, सीमाची जर्मनची परीक्षा राहिलेली. हे सगळं मी मानते. तू घाबरून कुंडी उचलून फेकली असतीस तर मी तुझ्यावर ओरडून, रडून तुझ्या बाजूने उभी राहिले असते. पण तू काहीच केलं नाहीस. तू आईला करू दिलंस. तिच्या त्या भाबड्या तांब्याच्या मागे लपलास, आणि स्वतःच्या मुलीसाठी विकतची माती आणलीस. शेजारीण तिच्या नातवंडांना काय घालते ते कुंपणावरून दिसत असताना तोंडातून चकार शब्द काढला नाहीस. याचा मला राग आलाय, गौरांग. इतका राग मला तुझा कधीच आला नव्हता.

मी फ्राऊ विएचोरेकना पिशवी परत दिली. म्हटलं, हे सध्या खाऊ नका, नातवंडांना तर नकोच. त्यांनी विचारलं, का? तुम्हीच तर चालेल म्हणालात. मी म्हटलं, पुन्हा मोजायचं आहे. त्यांचा चेहरा पडला, आणि पिशवी छातीशी धरून त्या आत गेल्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. जुन्या काळी चादरीवाल्या बायका साहेबांकडे बघत असतील तसं बघितलं त्यांनी, आणि या वेळी साहेब मी होते.

पुढच्या सोमवारी, ३१ तारखेला, मी फ्राऊ लिंडनरकडे जाणार आहे. आईने पानं धुतली हे सांगणारच. ती म्हातारी आहे, पाहुणी होती, तिला कुणी काही करणार नाही. पुढचं वाक्य, की तुला माहीत होतं, ते मी कितीदा मनात म्हणून बघितलं. मला ते म्हणता येत नाही आणि गिळताही येत नाही. ते तू म्हण. तू स्वतः सांगितलंस तर निदान तुझ्या पोरीला पुढे कधी तोंड दाखवता येईल. नाही सांगितलंस, तर मी सांगेन. हे धमकी म्हणून वाचू नकोस, मला तेवढंच करता येतं म्हणून लिहिलं.

सीमाला बोलू नकोस. तिने मला काही सांगितलेलं नाही.

ऊर्मिला

ड्युसेलडॉर्फ, ३१ मार्च

प्रिय गौरांग,

आज सकाळी फ्राऊ लिंडनरच्या खोलीत शिरले. वाक्यं पाठ करून आले होते. त्यांनी मला बसायलाच सांगितलं नाही, उभ्या उभ्याच म्हणाल्या, "तुमच्या भावाचा शुक्रवारी फोन आला होता. टॉर्स्टेनने घेतला."

मग त्यांनी टॉर्स्टेनचं टिपण वाचून दाखवलं. तू म्हणालास की कुंडीतली पानं तू धुतलीस. रोज सकाळी, कामाला जायच्या आधी, नोकरी जाईल या भीतीने. कंपनीने सांगितलं होतं का, असं टॉर्स्टेनने विचारलं तर म्हणालास, नाही, कुणीही नाही, मीच. घरात दुसरं कुणी होतं का? तू म्हणालास, आई होती, तिला यातलं काही माहीत नाही.

फ्राऊ लिंडनरनी टिपण माझ्यापुढे सरकवलं. "अगदी असंच झालं का? तुम्हाला यात काही भर घालायची आहे?"

माझं सगळं पाठ केलेलं तोंडात होतं. आईचा तांब्या, उद्यमनगर, वाती, चिवडा, कॉफी घेऊन खिडकीत उभा असलेला तू. एवढं सांगितलं असतं तर तुझा अपराध अर्धा झाला असता, हे मला त्याच क्षणी कळलं. तुला तर फोन करतानाच कळलं असणार. तुला अर्धा नको होता. धू म्हणणं म्हणजे धुणंच, हे मी तुला तीन पानं खरडून सांगितलं होतं आणि तू ते एका फोनमध्ये माझ्याहून नीट सांगितलंस.

मी म्हटलं, "नाही. भर घालायची नाही."

इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या नोंदी तपासते. कुणी बरणीची तारीख चुकवली, कुणी कुंडीचा नंबर, की मी लाल पेनने ती दुरुस्त करूनच घरी जाते. आज त्या टिपणाखाली मी वाचलं म्हणून सही केली, आणि एक खोटी नोंद तशीच राहू दिली.

पुढचं सांगते. शहराला आजच कळवलंय, उद्या तुमच्या वसाहतीत पुन्हा पत्रकं वाटतील, पालेभाजी खाऊ नका म्हणून. फ्राऊ विएचोरेकच्या दारात मी स्वतः जाणार आहे. ऑगस्टमध्ये कुंडी पुन्हा तिथेच ठेवतील, टॉर्स्टेन म्हणतो जागा बदलायची नाही. या वेळी वर जाळीचं झाकण आणि कुलूप असेल. तुझ्या कंपनीचं तुलाच माझ्यापेक्षा लवकर कळेल. एका वकील बाईचा नंबर मागे लिहिलाय, आपल्यासारख्या परदेशी लोकांचंच काम करते, माझं नाव सांग. आमची वरची खोली रिकामी आहे, येन्सने कालच तिथली सायकल हलवली, मी न सांगता. चौघंही मावाल, आई आली तर.

ती येणार म्हणतेय. संध्याकाळी फोन आला होता. तुझा आवाज बसलाय म्हणाली, सर्दी झाली का विचारत होती. मग म्हणाली, "ऑगस्टमध्ये परत ठेवणार ना गं ती झाडं? मी येते. या वेळी पानांना हात लावणार नाही, शपथ. मागच्या वेळी माझ्यामुळे गौरांगला काही त्रास तर नाही ना झाला?"

मी म्हटलं, नाही आई, तुझ्यामुळे काही झालं नाही.

आज तिच्याशी आपण दोघंही तेच बोललो असणार. आता माझाही फोन उचल.

तुझी
ताई